वीतभर लोखंड

आमच्या गावात बाईंसमोर "माहीत नाही" म्हणायची सोय नव्हती. म्हणायचंच असेल तर "अजून पाहिलं नाही" असं म्हणायचं. मग बाई म्हणत, "डोळे घरी ठेवून आलास का? पाहून ये." आणि माणूस निमूट जाऊन पाहून यायचा. पोस्टमन गेलेला आहे, तलाठी गेलेला आहे. मतं मागायला आलेला एक पुढारी गाडीतून उतरून, चर्चला पूर्ण चक्कर मारून, घाम पुसत परत आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. बाईंनी त्याला एवढंच विचारलं होतं की या चर्चला खिडक्या किती.

मलाही तेच विचारलं होतं. तेव्हा मी तिसरीत होतो, बाई आमच्या मिशनच्या शाळेत नव्यानेच लागल्या होत्या आणि शाळा चर्चच्या आवारातच भरायची. मी मोजून आलो आणि अकरा म्हणालो. बाई म्हणाल्या बारा. पुन्हा गेलो, पुन्हा अकरा. तिसऱ्या खेपेला प्रत्येक खिडकीखाली एक दगड ठेवत गेलो आणि ते दगड सदऱ्यात गोळा करून बाईंच्या टेबलावर ओतले. अकरा दगड. बाई म्हणाल्या, आता आत जाऊन मोज. मी म्हणालो, जी बाहेरून दिसत नाही ती खिडकीच नाही, आत कशाला जायचं? त्या म्हणाल्या, मोजल्याशिवाय वर्गात बसायचं नाही. मी दप्तर उचललं आणि घरी आलो. माझं शिक्षण तिथे संपलं. लोकांना वाटतं, गरिबीमुळे शिकला नसेल. आमची सोळा एकर काळी जमीन होती. मी खिडकीमुळे शिकलो नाही.

बाईंनी मग माझं नावच अकरा ठेवलं. माझं लग्न झालं, मुलं झाली, सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल निवडून आणलं, तरी भिंतीपलीकडून हाक यायची, "ए अकरा, तुझी म्हैस आमच्या कर्दळीत आली आहे." भिंतीपलीकडून म्हणजे, माझ्या वावराची आणि चर्चची भिंत एकच. साठ वर्षं आम्ही त्या भिंतीवरून भांडलो. मी आत गेलो नाही आणि त्यांनी बाराचे अकरा केले नाहीत.

परतवाड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, असं आमचं गाव आहे. चर्च इंग्रजांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, दोन माणसं उंच सागवानी दरवाजा. ख्रिस्ती घरं पाच-सात. पाळकसाहेब अमरावतीहून महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे सगळे रविवार बाईंचे. दार उघडणं, झाडणं, घंटा वाजवणं, पेटी वाजवणं, गाणी म्हणणं आणि बेसूर गाणाऱ्याकडे चष्म्यावरून पाहणं, सगळं एकटीने. लग्न केलं नाही. शाळा बंद पडली तरी आवारातल्या दोन खोल्यांत राहिल्या. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, बाराही महिने छत्री, गळ्यात पत्र्याची शिट्टी. आणि कमरेला लाल नाडीने बांधलेली चर्चची चावी.

ती चावी पाहण्यासारखी होती. लोखंडी, वीतभर, हातोडीसारखी जड. बाई चालल्या की छत्रीच्या दांड्यावर आपटून टण् टण् वाजायची. तो आवाज आला की पारावरचे लोक विड्या विझवायचे. मोठमोठे बाप्ये, नातवंडं असलेले.

हरवलं हा शब्दसुद्धा बाईंना चालत नसे. कुणी म्हणालं की बाई, पेन हरवला, की त्या म्हणत, "वस्तू हरवत नाही. जागा बदलते. तू लक्ष देत नाहीस, एवढंच."

आता थोडं माझं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी पायाळू आहे. जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी आले. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते. ही ऐकीव गोष्ट नाही, तेल्हाऱ्यापासून लोक माझ्याकडे येतात. दुसरं असं म्हणतात की पायाळू माणसाला जमिनीतलं गुप्तधन कळतं. या गोष्टीला मी कधी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

बाईंना हे अजिबात मान्य नव्हतं. "जन्मतानासुद्धा उलटाच आलास, त्यात मिरवण्यासारखं काय आहे?" असं चारचौघांत म्हणायच्या. मग एका हिवाळ्यात बाईंची पाठ धरली. विहिरीवर वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. दोन दिवस घंटा कशीबशी वाजली. तिसऱ्या दिवशी मी भिंतीवर पाय सोडून बसलो होतो, तुरीची राखण करत. बाई छत्री टेकत आल्या, बरोबर माझ्या पायांखाली स्टूल ठेवलं आणि भिंतीकडे पाठ करून बसल्या. मी विचारलं, "बाई, काय करून राहिल्या?"

"ऊन खाते आहे," बाई म्हणाल्या. "तुझे पाय कुठे लागतात ते तुझं तू बघ."

मी उजवा पाय तीनदा लावला. बाई उठल्या, स्टूल उचललं, ताठ चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी मला विचारतात, "अजून लोक येतात का रे तुझ्याकडे, त्या खुळचट प्रकारासाठी?" मी म्हणालो, येतात, पण काही उन्हाला येतात. त्यावर त्यांनी शिट्टी वाजवली. उत्तर नसलं की त्या शिट्टी वाजवत.

तर ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची. उन्हाळा तोंडावर होता, चिंचा पिकल्या होत्या. चर्चचा वाढदिवस रविवारी होता आणि या खेपेला खुद्द बिशपसाहेब यायचे होते, सोबत अमरावतीची कमिटी. कमिटीचं म्हणणं बऱ्याच दिवसांपासून चालू होतं की बाई ऐंशीच्या पुढे गेल्या, आता चावी द्यावी, खोल्या सोडाव्या आणि नागपूरला भाच्याकडे जावं. बाई दर वेळी एकच विचारायच्या, "या चर्चचं काय बिघडलं ते दाखवा." आणि कमिटीला दाखवता यायचं नाही, कारण काही बिघडलेलंच नसायचं.

शुक्रवारी सकाळी मी भिंतीवरून पाहिलं तर बाई चिंचेखालचा पाला छत्रीने उलटवून राहिल्या होत्या. मग विहीर. मग थडग्यांमधल्या फरशा. मग पुन्हा चिंच. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, आणि थोड्या वेळाने कळलं काय ते. टण् टण् होत नव्हतं.

"बाई, चावी कुठं हाये?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीजवळ आल्या. रविवारी भक्ती आटोपल्यावर स्वतः दार बंद केलं होतं, म्हणाल्या. गुरुवारी झाडायला आल्या तर कमरेला नाडी नाही, चावी नाही. मधले दिवस आठवत होते, पण तुकड्यातुकड्यांनी. दुसरी चावी नव्हतीच. कुलूप दाराच्या लाकडात बसवलेलं, तोडायचं म्हणजे दार तोडायचं. मी म्हणालो, परतवाड्याहून चावीवाला आणतो. त्या म्हणाल्या, चावीवाला आला की बातमी त्याच्याआधी अमरावतीला जाईल. मग पुढे जे बोलल्या ते सावकाश बोलल्या. "अकरा, त्यांना एवढंच हवं आहे. म्हातारीला चावी सांभाळता येत नाही. रविवारी साहेब दारात उभे राहिले आणि दार उघडलं नाही, तर सोमवारी मी नागपूरला."

भिंतीवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. मी म्हणालो, मी एकदा बोललो की फिरवत नाही हे तुम्हाला तिसरीपासून माहीत आहे.

युक्ती त्यांचीच. दार बंद आहे त्याअर्थी चावी बाहेर आहे, आणि बाहेर पाहायला दोन म्हाताऱ्यांचे चार डोळे पुरत नाहीत, पण गावाचे पुरतील. शाळा होती तेव्हा बाई नाताळात पोरांचा खजिन्याचा खेळ घ्यायच्या. चिठ्ठीवरून चिठ्ठी शोधत जायचं, शेवटी बत्तासे. तोच खेळ शनिवारी, चर्चच्या वाढदिवसानिमित्त, लहानथोर सगळ्यांसाठी. बाईंनी चक्कीवाल्याला सांगितलं आणि त्याने ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. खजिना काय आहे असं त्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, वीतभर लोखंड, ज्याला सापडेल त्याला कळेल.

इथे बाईंचा हिशोब चुकला. साठ वर्षं गावात राहून त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. आमच्याकडे गुप्तधनाचं नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं की धन सरकतं. सोनं असेल तर कोळसे म्हणायचं, ठिकरी म्हणायचं, लोखंड म्हणायचं. चक्कीवाल्याने लोखंड ऐकलं आणि चक्की बंद करून माझ्याकडे आला.

"बुढी लोखंडासाठी गाव बोलावते काय?" तो मला म्हणाला. "इंग्रज जातानी काहीतरी पुरून गेला हाये, अन् बुढीले आता जड झालं ते. तू उद्या चप्पल घालू नको."

शनिवारी आठ वाजता बाई बत्ताशांचं ताट घेऊन पायरीवर आल्या, तर समोर सगळं गाव. सब्बल, टिकास, फावडी, घमेली. कुणी नारळ आणला होता, कुणी लिंबू. बाई माझ्याकडे पाहतात, मी झाडाकडे पाहतो. मग त्यांनी शिट्टी वाजवली आणि सांगितलं की लोखंडाचं हत्यार घेऊन कुणी फाटकाच्या आत येणार नाही. गावाने हत्यारं बाहेर ठेवली. एक खुरपं तेवढं आत गेलं, चक्कीवाल्याच्या अंगातल्या बंडीतून.

चिठ्ठ्या सहा होत्या, आणि त्यांचं गुपित फक्त मला माहीत होतं. आठवड्यात बाई जिथे जिथे गेल्या होत्या, तिथे तिथे एक चिठ्ठी. घंटेच्या दोरापाशी, विहिरीच्या काठाशी, आवारात पुरलेल्या एका इंग्रज इंजिनियरच्या थडग्यापाशी, कर्दळीत, सरपणाच्या ढिगात, चिंचेच्या ढोलीत. प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या जागेचा पत्ता आणि खाली, "जाताना खाली पाहत जा." त्यांना वाटलं होतं, एवढी माणसं खाली पाहत गेली की वाटेत कुणाला तरी दिसेल.

पण गाव कशाला खाली पाहतं. गाव माझ्या पायांकडे पाहत होतं. मी अनवाणी पुढे, बाकी सगळे मागे. थडग्यापाशी चक्कीवाला विचारतो, तळवा गरम लागून राहिला काय? मी म्हणालो, लागून राहिला. खोटं नव्हतं. दहा वाजताची फरशी होती, तिथे बकरीचाही तळवा गरम झाला असता. लगेच चार जण फरशीला कान लावून आडवे झाले. एकाला आतून आवाज आला. विहिरीपाशी नारळ फुटला. कर्दळ तर पाच मिनिटांत झोपली, आणि बाईंनी इतकी शिट्टी वाजवली की शेवटी शेवटी तिच्यातून नुसती हवा येत होती. मी खरं सांगतो, मला मजा वाटत होती. साठ वर्षं मला ज्या आवारातून हाकलत होत्या, तिथे आज माझ्यामागे वरात चालली होती.

सहावी चिठ्ठी चिंचेच्या ढोलीत निघाली. चक्कीवाल्याने मोठ्याने वाचली. "आता नीट पाहा." बस, एवढंच. बाईंना पुढचं माहीत नव्हतं तर त्या काय लिहिणार? पण गावाला हा मोठा संकेत वाटला. चक्कीवाल्याने खुरपं काढलं आणि चिंचेखाली उकरायला सुरुवात केली. मग कुणी हातांनी, कुणी नारळाच्या करवंटीने. बारा वाजेपर्यंत चिंचेभोवती गुडघाभर माती वर आली. चावी नाही. कुणाचा तरी खोटा दात सापडला, तो त्याने लगेच खिशात टाकला.

मी पाहिलं तर बाई पायरीवर बसल्या होत्या. बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्या उन्हाच्या दिवसाखेरीज. मांडीवर बत्ताशांचं ताट, त्यावर माशा. मी जवळ गेलो तर मान वर न करता म्हणाल्या, "अकरा, हरवली रे."

हरवली म्हणाल्या. मी पाणी पिऊन येतो असं सांगून घरी निघालो, कारण तिथे उभं राहवत नव्हतं.

घरात वेगळंच राज्य होतं. तीन आठवड्यांपूर्वी सुनेला मुलगी झाली होती. मुलगा अकोल्याला जठारपेठेत दुकानावर कामाला असतो, पण बाळंतपण इथे, माझ्या बायकोच्या हातचं. बायको घराबाहेर पडत नव्हती, तिला खेळाबिळाचं काही ठाऊक नव्हतं. मला मातीने भरलेला पाहून म्हणाली, पाय धुतल्याशिवाय आत येऊ नका, लेकरू निजलं आहे. मग माठातलं पाणी देता देता सहज म्हणाली, "अजी, जातानी बाईची चावी तेवढी घेऊन जा. उद्या सायेब येऊन राहिला म्हणतात, तिले लागन ते."

माझ्या हातातला गडवा खाली पडला. लेकरू उठलं.

झालं होतं असं. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात, वाईट वारं येऊ नये म्हणून. सुनेने विळा ठेवला होता. रविवारी चर्च बंद करून बाई तशाच बाळ पाहायला आल्या, मी तेव्हा वावरात होतो. विळा पाहून भडकल्या, खुळचट बायांनो म्हणाल्या, लेकराला लागलं तर, म्हणाल्या, आणि विळा उचलून अंगणात टाकला. सून रडायला लागली. तिचं लेकरू झोपेत दचकत होतं, आणि आता लोखंड पण गेलं. बाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग कमरेची नाडी सोडली, चावी पुसली आणि स्वतःच्या हाताने बाळाच्या उशीखाली ठेवली. म्हणाल्या, "उशी सरकते आहे. आधार असू दे."

मी उशीखाली हात घातला. चावी निघाली, लाल नाडीसकट. मग शुक्रवारपासूनचं सगळं बायकोला सांगितलं.

"तुमी मले काल सांगतलं काहून नाई?" बायको म्हणाली. "मी बसल्या जागी देली असती."

"शब्द देला होता," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

चावी धोतराच्या ओच्यात खोवून मी परत निघालो तेव्हा मला हसू आवरत नव्हतं, पण मग विचार आला की हातात देऊ कशी? गाव विचारणार, कुठे होती. पायाळूच्या घरातच होती, म्हणजे माझं नाक गेलं. बाळाच्या उशीखाली होती, म्हणजे बाईंचं गेलं. बाईंनी चिठ्ठ्यांत विहीर घातली, थडगं घातलं, माझं घर घातलं नाही. जे केलं ते त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं, मग आठवणार कसं?

मी सरळ चिंचेखाली गेलो, मोकळ्या मातीत उभा राहिलो आणि डोळे मिटले. गाव आता पायांऐवजी माझ्या तोंडाकडे पाहत असणार. ओचा सैल केला. चावी धोतरातून घसरत पिंढरीवर आपटली, डोळ्यांत पाणी आलं, ते लोकांना अंगात आल्यासारखं वाटलं. मातीत पायाने दाबली, तीन पावलं मागे सरलो आणि म्हणालो, "इथं."

चक्कीवाल्याने खुरप्याच्या दुसऱ्या फटक्यात काढली. आधी गाव ओरडलं. मग चावी ओळखून थोडं नरम पडलं, मग पुन्हा ओरडलं, कारण धन नसलं तरी पायाळूचा पाय खरा ठरला होता. मी खाली पाहत उभा राहिलो, नम्रपणाने. पोटरी दुखत होती.

चावी बाईंच्या हातात दिली. त्यांनी माती पुसली, नाडी पाहिली, आणि चावी उगाच नाकाजवळ नेली. तिला वेखंडाचा वास येत होता, लेकराच्या टाळूला लावतात त्या तेलाचाही. बाईंचा चेहरा पातळासारखा पांढरा झाला, मग लाल झाला. माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

"जागा बदलली होती," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या आणि बत्तासे वाटायला उठल्या. टण्, टण्.

संध्याकाळी आमच्या अंगणात फडक्यात बांधलेली एक वस्तू आली. चर्चच्या दाराचा जुना कडी-कोयंडा, चावीपेक्षा जड. सोबत कागद, बाईंच्या अक्षरात: "उशी सरकू नये म्हणून. दुसरं काही नाही." ते लोखंड अजून आमच्या घरात आहे. त्यावर आतापर्यंत भावकीतली चार लेकरं निजली.

रविवारी दार उघडलं. साहेब आत गेले, कमिटी आत गेली, काही बिघडलेलं दिसलं नाही. बाईंनी मला दारात उभं पाहून आत घेतलं, साठ वर्षांत पहिल्यांदा. मी मान खाली घालून उभा राहिलो. पेटी वाजवायला जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, "मग, किती?"

"अजून पाहिलं नाही," मी म्हणालो.

नियम त्यांचाच होता. त्यांचा हात शिट्टीकडे गेला, पण वाजवता आली नाही, साहेब बसले होते.

पुढे दोन वर्षं बाई त्याच खोल्यांत राहिल्या. हातात जोर उरला नव्हता, तेव्हा दर रविवारी चावी त्या कुलपात घालायच्या आणि फिरवायचो मी. मग भिंतीवर जाऊन बसायचो. गेल्या, तेव्हाही दार मीच उघडलं. त्यांच्या कमरेची नाडी मी सोडली तेव्हा कमिटीतला कुणी आडवा आला नाही, आणि त्यानंतर चावी माझ्याकडून कुणी मागितली नाही. ती आता माझ्या कमरेला असते.

त्या दिवशी बाईंना समोर ठेवलं होतं. पेटी वाजवायला कुणी नव्हतं. मी पहिल्यांदा मान वर केली आणि मोजल्या. डावीकडे पाच, उजवीकडे पाच, दारावर एक. आणि समोर, क्रूसाच्या मागे, एक लहानशी, बाहेरून कधीतरी दगडांनी बुजवलेली. आतून काच तशीच होती.

म्हणजे बारा होतात. पण एकदा मोजून काही खरं नसतं. या रविवारी पुन्हा मोजणार आहे.